फक्त ओठ हलव

सतरंजी जरा अलीकडे ओढा, म्हणजे मला मोठ्याने बोलावं लागणार नाही. खाली काकू अजून जागी आहे. मी हे पुन्हा सांगायला घेतलंय असं तिच्या कानावर गेलं तर माझी काही धडगत नाही, कारण गोष्ट तिच्या बहिणीच्या घरातली आहे. माझ्या साडूभाऊंची. तुम्ही पाहिलंय त्यांना. उंच, किंचित वाकून चालतात, आणि हल्ली कोणी गाण्याचा आग्रह केला की पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जातात.

तू सोमवारपासून शाळेत शिकवायला जाणार ना, म्हणून खरं तर आठवलं.

गेल्या वर्षीची गोष्ट. डिसेंबरमधला दुसरा गुरुवार. शनिवारी शाळेचं गॅदरिंग होतं आणि साडूभाऊ त्या शाळेत संगीताचे शिक्षक होते. खाजगी शाळा. फाटकापासून दारापर्यंत हिरवळ, रिसेप्शनला सोफा, कोपऱ्यात माशांची पेटी. आईबाप गाडीतून उतरले की आधी गाडीच्या काचेत केस बघणार आणि मग मुलाचा हात धरणार. तर त्या संध्याकाळी तालीम आटोपून साडूभाऊ घरी आले, चहा प्यायले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की कीबोर्डचा अडॅप्टर शाळेतच राहिलाय. रात्री घरी बसून एका गाण्याची पट्टी खाली आणायची होती. त्यांनी स्कूटरची किल्ली घेतली.

"ताटं घेऊ का?" मेहुणीनं विचारलं.

"घे. आलोच मी."

आठ वाजत आले होते. शाळा काही लांब नाही, दोन चौक ओलांडले की आलीच. एवढंच काम होतं. अडॅप्टर घ्यायचा आणि परत यायचं.

पण त्याच्या आधीच्या वर्षाचं सांगितल्याशिवाय पुढचं तुम्हाला कळायचं नाही.

आधीच्या वर्षी त्यांच्या समूहगानात एक मुलगी होती. पाचवीतली. गाण्याची इतकी हौस की तालमीला सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत उभी. तोंड भरून गायची. वरचा सूर आला की टाचा उचलायची, जणू फळीवरचा डबा काढायचाय. पण आवाज होता जाड, आणि सुरात बसायचा नाही. सगळी पोरं एकीकडे आणि ही दुसरीकडे. साडूभाऊंनी एकदा गमतीत तिला 'भोंगा' म्हटलं. गमतीतच म्हणाले ते, मनात काही नव्हतं. पण मुलांना तेवढंच पुरतं. त्या दिवसापासून ती सगळ्या शाळेची भोंगा झाली. तीही हसायची. हाक मारली की 'ओ' द्यायची.

मग एक दिवस शाळेचे चेअरमनसाहेब तालीम बघायला आले. मागे हात बांधून उभे राहिले, दोन कडवी ऐकली आणि प्रिन्सिपल बाईंच्या कानात काहीतरी बोलले. बाई साडूभाऊंजवळ आल्या. "सर, मधूनच काहीतरी खटकतंय. यंदा व्हिडिओ आपण वेबसाइटवर टाकणार आहोत. तेवढं बघा." असं म्हणून दोघं निघून गेले.

आता साडूभाऊंना काय करता आलं नसतं? तिला बाजूला घेऊन बोलता आलं असतं. दुसरं काही काम देता आलं असतं. रोज थोडा वेळ बसवून तिच्याकडून सूर घोटून घेता आला असता, शिक्षकच होते ना ते. पण चेअरमनसमोर मान खाली गेली होती आणि तो राग कुठेतरी काढायचा होता. सगळ्या मुलांसमोर त्यांनी तिला म्हटलं, "भोंगा, तू उभी राहा, पण आवाज काढू नकोस. फक्त ओठ हलव. कोणाला कळणार नाही."

पोरं फिदीफिदी हसली. ती नाही हसली त्या दिवशी. तिनं फक्त मान हलवली.

आणि शब्दाला जागली. उरलेल्या सगळ्या तालमी आणि गॅदरिंगचा दिवस, कुठेही हूं का चूं नाही. ओठ मात्र बरोबर हलायचे, शब्दन् शब्द. वरचा सूर आला की टाचाही उचलायची. साडूभाऊ म्हणाले, इतकं चोख काम माझ्या हाताखाली कोणत्याच मुलानं केलं नाही.

गॅदरिंग संपल्यावर तिची आई मंचामागे आली. बाजारपेठेत तिचं चष्म्याचं दुकान आहे, नवरा बाहेरगावी नोकरीला. ही एकच मुलगी. आईचे डोळे रडून लाल झालेले. म्हणाली, "सर, एवढ्या मुलांत मी हिचा आवाज ओळखला बघा. कधी नव्हे ते सुरात होती. काय मेहनत घेतलीत तुम्ही."

मुलगी आईचा हात धरून उभी. साडूभाऊंच्या तोंडाकडे बघत होती.

आणि साडूभाऊ म्हणाले, "हो, छान गायली."

पोरीनं नजर खाली घातली. आईला तेव्हाही काही बोलली नाही, नंतरही नाही. सरांची लाज तिनं राखली. दहा वर्षांची पोर.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती पोर गेली. साधा ताप म्हणून सुरू झालं ते डोक्यात गेलं. साडूभाऊ भेटायला गेले तर आईनं त्यांना मुलीच्या खाटेवरच बसायला सांगितलं, कारण खुर्च्यांवर नातेवाईक होते. म्हणाली, "शेवटी शेवटी आवाज गेला होता तिचा. नुसते ओठ हलायचे. आम्हाला वाटायचं पाणी मागतेय. नंतर माझ्या लक्षात आलं, सर, गात होती ती. तुमचंच गाणं."

साडूभाऊंना त्या खाटेवरून उठताही येईना आणि बसवेना. तसेच घरी आले. बायकोलाही सांगितलं नाही.

काय म्हणालास? हो, मला कसं कळलं ते सांगतो. पुढचं सगळं घडून गेल्यावर त्यांनी मला आमच्या गॅलरीत सांगितलं. माझ्याकडे पाठ करून उभे होते. सगळं बोलून होईपर्यंत एकदाही वळले नाहीत.

आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट अजून मी सांगितलीच नाही. इतकं होऊनही माणूस शिकतो का? ज्या गुरुवारचं मी सांगतोय, त्याच दुपारी तालमीत एक नवीन मुलगी बेसूर लागली. चष्मेवाली, चौथीतली. शनिवार तोंडावर आलेला, बाई दारात उभ्या. साडूभाऊ पेटीवरून, म्हणजे त्या कीबोर्डवरून, मानही वर न करता बोलून गेले, "तू गाऊ नकोस गं. फक्त ओठ हलव."

तोंडातून गेल्यावर त्यांना समजलं आपण काय बोललो. पण शब्द गेला तो गेला. तालीम पुढे चालू राहिली.

तर आता आठ वाजताचं.

फाटकाशी वॉचमन डबा उघडून बसला होता. "सर, परत?" म्हणाला. "अडॅप्टर राहिला," म्हणून हे वर गेले. संगीताची खोली दुसऱ्या मजल्यावर, कॉरिडॉरच्या टोकाला. तिची एक अख्खी भिंत काचेची आहे. चेअरमनसाहेबांची कल्पना. प्रवेशाच्या दिवसांत पालकांना शाळा दाखवायला आणतात, तेव्हा मुलं गाताना दिसली पाहिजेत. पण शेजारच्या वर्गांना त्रास नको, म्हणून काच दुहेरी आणि बाकी भिंतींना आतून जाड अस्तर लावलेलं. दार लावलं की आतला आवाज बाहेर नाही आणि बाहेरचा आत नाही. पाहुण्यांना दिसावं सगळं, ऐकू काही येऊ नये.

कॉरिडॉरमधले दिवे आपोआप लागणारे आहेत. माणूस पुढे चालला की डोक्यावरचा दिवा लागतो, माणूस गेला की थोड्या वेळानं विझतो. साडूभाऊ चालत गेले तसे दिवे लागत गेले. खोलीत शिरले. दार आपलं आपण बंद झालं. आतला दिवा लावला. अडॅप्टर टेबलामागे पडला होता. वाकून, हात घालून काढला, वायर गुंडाळली. उठून उभे राहिले.

काचेपलीकडे एक मुलगी उभी होती.

शाळेचा गणवेश. राखाडी स्कर्ट, मरून टाय. काचेला नाक लावून आत बघत होती आणि काहीतरी बोलत होती.

त्यांना आधी काहीच वाटलं नाही. तालमीनंतर एखादं मूल मागे राहतं कधीकधी. गाडी उशिरा येते, आई फोन उचलत नाही. त्यांनी हातानं खूण केली, काय गं? ती बोलतच राहिली. अस्तरामुळे ऐकू येत नव्हतं. "थांब, आलो," असं म्हणून त्यांनी पाऊल टाकलं.

आणि थबकले.

कॉरिडॉरमध्ये अंधार होता.

मुलगी तिथे चालत आली असती तर दिवा लागला असता. लागला नव्हता. खोलीतला उजेड काचेतून बाहेर पडत होता, तेवढ्यातच काय ती दिसत होती. तोंड, टाय, काचेवर टेकलेली बोटं. मागे काळोख.

ओठ हलत होते.

साडूभाऊंचं सगळं आयुष्य मुलांच्या ओठांकडे बघण्यात गेलंय. कोण शब्द खातंय, कोण श्वास चुकीच्या जागी घेतंय, त्यांना लांबून कळतं. त्यांनी त्या ओठांकडे बघितलं. ती बोलत नव्हती.

गात होती.

यंदाचं गाणं नव्हतं ते. मागच्या वर्षीचं होतं. पहिलं कडवं... धृपद... दुसरं कडवं. कुठे घाई नाही. जिथे श्वास घ्यायचा तिथे घेत होती, त्यांनी शिकवला होता तसा. मग शेवटची ओळ आली. वरचा सूर.

तिनं टाचा उचलल्या.

साडूभाऊ म्हणाले, माझ्या हातातून वायर कधी सुटली मला कळलं नाही. पळून जावं असं वाटलं. पण बाहेर जायचं एकच दार, आणि ते त्या बाजूला उघडणारं. किती वेळ तसे उभे होते कोण जाणे. ती गाणं संपवायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. रागावलेली नव्हती. रडतही नव्हती. नीट, मन लावून... जसं सांगितलं होतं तसं.

तेच त्यांना सोसवेना. ती घाबरवत असती तर बरं झालं असतं, म्हणाले.

शेवटी त्यांनी दार ढकललं आणि बाहेर आले.

डोक्यावरचा दिवा लागला. कॉरिडॉर रिकामा. या टोकापासून त्या टोकापर्यंत कोणी नाही. त्यांनी भिंतीला हात टेकला. दार मागे बंद झालं. मग हळूच मान वळवून त्यांनी काचेतून खोलीत बघितलं.

ती आत होती.

पहिल्या रांगेच्या जागी. एकटी. हात मागे बांधलेले. तोंड त्यांच्याकडे. ओठ चालू.

आता अस्तर तिच्या बाजूला होतं.

साडूभाऊ काचेजवळ गेले. दोन्ही तळवे काचेवर ठेवले. त्यांना एकच गोष्ट सांगायची होती, वर्षभर घशात अडकलेली. गा, बाळा. मोठ्यानं गा. कसंही गा.

तिचे ओठ थांबले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. सर खूण देतील म्हणून मुलं बघतात ना, तशी. त्यांनी पुन्हा म्हटलं. गा... तिनं मान थोडी तिरकी केली. ऐकू येत नसल्यासारखी. त्यांनी आणखी जोर लावला. गा... गा गं...

आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं.

अस्तराचा प्रश्न नव्हता. त्यांना स्वतःलाही ऐकू येत नव्हतं.

ओठ हलत होते. आवाज नव्हता. घशातून वाराही फुटेना. तोंड उघडतंय, मिटतंय... आणि कॉरिडॉरमध्ये चिटपाखरूही नसावं तशी शांतता.

मुलीनं हळूच मान हलवली. होकारार्थी. त्या दिवशी हलवली होती, तशीच.

डोक्यावरचा दिवा विझला.

वॉचमन डबा धुवायला उठला तेव्हा त्याला वाटलं, सरांना फार वेळ झाला. तो वर आला. तो आला तसे दिवे लागत आले, आणि टोकाला त्याला साडूभाऊ दिसले. काचेला तळवे टेकून उभे, तोंड चालू. खोली रिकामी. "सर, फोनवर बोलताय का?" त्यानं विचारलं.  जवळ येऊन त्यानं खांदा धरला तेव्हा कुठे ओठ थांबले. म्हणाला, "सर, तुमचा चेहरा बघून मलाच घाम फुटला."

त्यानंच त्यांना घरी पोचवलं. स्कूटर तिथेच राहिली. ताटं वाढलेली होती, मेहुणी काय काय विचारत होती, आणि हे नुसतं तिच्याकडे बघत बसले. रात्रभर आवाज आला नाही. पहाटे कधीतरी खोकला आला आणि त्याबरोबर घोगरा आवाज परत आला. पहिलं वाक्य बायकोला म्हणाले, "मी एका मुलीचं फार वाईट केलंय."

शुक्रवारी सकाळी शाळेत जायच्या आधी ते चष्म्याच्या दुकानात गेले. आई नुकतंच शटर वर करून शोकेसमधल्या फ्रेमा पुसत होती. यांना बघून तिला आनंद झाला. "या सर, बसा. चहा सांगते."

"ताई, चहा नको. एक सांगायचंय." आणि त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. भोंगा म्हटलं ते. ओठ हलव म्हटलं ते. मंचामागे खोटं बोलले ते. रात्रीचं मात्र सांगितलं नाही. आपली सुटका करून घेतल्यासारखं झालं असतं, म्हणाले.

ती फ्रेम पुसत राहिली.  मग म्हणाली, "म्हणजे ती गातच नव्हती."

"नाही ताई."

"मग मी कोणाचा आवाज ओळखला?"

तिनं फ्रेम उजेडाकडे धरून बघितली.

"रोज रात्री झोपताना मी तो आवाज आठवते, सर. सुरातला. तेवढाच चांगला आहे माझ्याकडे. बाकी सगळे आवाज हॉस्पिटलमधले आहेत." तिनं फ्रेम जागेवर ठेवली. "तुम्हाला मोकळं व्हायचं होतं, ते झालात. पण तो माझ्याकडे राहू दिला असतात तर चाललं असतं."

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ नंबर तपासायला आले. ती त्यांच्याकडे वळली, "या, बसा," म्हणाली, अगदी नेहमीच्या आवाजात. साडूभाऊ दुकानातून बाहेर पडले. मला म्हणाले, त्या रात्री जेवढी लाज वाटली नव्हती तेवढी त्या सकाळी फुटपाथवर वाटली. आधी तिच्या मुलीचा आवाज काढून घेतला. मग तिच्या कानातलाही काढून घेतला.

शनिवारी गॅदरिंग झालं. मंचावर जायच्या आधी त्यांनी त्या चष्मेवालीला जवळ बोलावलं, सगळ्यांसमोर म्हणाले, "परवा मी चुकीचं बोललो. तू गायचंस. पोटातून." ती गायली. बेसूर गायली, सगळ्या हॉलला ऐकू गेलं. चेअरमनसाहेबांनी कपाळावर आठी घातली आणि व्हिडिओ काही वेबसाइटवर गेला नाही. पुढच्या टर्मला बाईंनी सरांना बोलावून गोड शब्दांत सांगितलं की शाळेला आता नवीन माणूस हवाय. यांनी वाद घातला नाही. हल्ली घरी दोनचार मुलांना शिकवतात. ज्यांना कोणीच घेत नाही अशांना. स्वतः गात नाहीत. सूर दाखवायचा तर कीबोर्डवर दाखवतात.

नाही, ती पुन्हा दिसली नाही त्यांना. मीही विचारलं होतं.

पण त्यांचं सामान आणायला मी बरोबर गेलो होतो. ते खाली गाडीतच बसले आणि मी एकटा दुसऱ्या मजल्यावर गेलो. भर दुपार होती. त्या काचेच्या भिंतीवर एक मोठं पोस्टर चिकटवलेलं. 'प्रवेश सुरू', आणि खाली हसणारी मुलं. एवढी काच पालकांना आत दिसावं म्हणून लावली, आणि तिच्यावरच पोस्टर? शिपाई तिथे टेबल पुसत होता, त्याला विचारलं.

त्यानं आधी जिन्याकडे बघितलं. मग म्हणाला, "काचेवर एक डाग येतो, साहेब. धुरकट, गोल. एवढासा. आतून पुसला, बाहेरून पुसला, तरी परत येतो. पालक विचारायला लागले, म्हणून बाईंनी पोस्टर लावायला सांगितलं. पण तेही दर आठवड्याला बदलावं लागतं."

"का?"

त्यानं हातातल्या फडक्यानं दाखवलं. पोस्टरवर माझ्या कमरेच्या जरा वर, लहान मुलाचं तोंड येईल एवढ्या उंचीवर, कागद फुगला होता. बाकी पोस्टर कोरडं ठणठणीत. वर ना नळ, ना पाइप, ना एसी.

मी त्या जागी बोट लावून पाहिलं.

ओल गार असते. ही कोमट होती.